आईला आयटीपी आहे, मामाच्याही प्लेटलेट्स लहानपणापासून कमी. मलाही होईल का?

आयटीपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या पेशी) नष्ट करते तो आजार, सहसा आईकडून मुलांकडे उतरत नाही. एकाच घरात दोघांना होणं विरळाच. पण मामाचं वाचून मला आईच्या निदानाचीच शंका येते. मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघते. प्लेटलेट्सच्या काही जन्मजात दोषांत त्या तांबड्या पेशीएवढ्या मोठ्या दिसतात, मशीन त्या प्लेटलेट म्हणून मोजत नाही, आकडा आणखी कमी येतो आणि आयटीपी समजून स्टेरॉइड सुरू होतात. हे दोष मात्र घराण्यात चालतात. तिघांचाही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करून हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाला, एकत्र दाखवा. मात्र ताप असताना तपासू नका, आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूनेही प्लेटलेट्स उतरतात. आईची औषधं मनाने बंद करू नका.