आधी कागद, मग भाषण

प्रिय मुली,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी लढलेल्या फॅनी लू हेमर यांच्या उमेदवारीवरचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण तू १९६४च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या ॲटलांटिक सिटीतल्या अधिवेशनात त्यांनी दिलेल्या गाजलेल्या साक्षीपासून सुरुवात केली आहेस. माझं ऐकशील तर दोन वर्षं मागे जा, ३१ ऑगस्ट १९६२ला, मिसिसिपीतल्या इंडियानोलाच्या कचेरीत.

कापसाच्या मळ्यावर हजेरी लिहिणाऱ्या, ४४ वर्षांच्या हेमर मतदार म्हणून नाव नोंदवायला तिथे गेल्या. तो अर्ज बारकाईने बघ. २१ प्रश्न, नोकरी कुणाकडे करता, हाही त्यातच. मग राज्याच्या घटनेतल्या २८५ कलमांपैकी अधिकारी सांगेल ते उतरवायचं आणि त्याचा अर्थ लिहायचा. बरोबर की चूक, हे ठरवणार तोच. मळेवाल्याला लगेच खबर लागली: अर्ज मागे घे, नाहीतर निघ. त्याच रात्री राहतं घर सुटलं. जानेवारी १९६३मध्ये त्या परीक्षेत पास झाल्या, तरी मत देता येईना, कारण दोन वर्षं मतदान-कर भरल्याच्या पावत्या हव्या होत्या. जूनमध्ये विनोनाच्या तुरुंगात त्यांना मारहाण झाली. मूत्रपिंडाला झालेली इजा जन्मभर राहिली. एवढं मांडलंस की साक्षीतलं वाक्य न् वाक्य वाचकाला आपोआप कळेल.

आता उमेदवारी. जून १९६४मध्ये अमेरिकी संसदेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत तेव्हाचे खासदार जेमी व्हिटन यांच्यापुढे त्या हरल्या, आणि तू ते एका ओळीत उरकलंस. तिथे थांब. जिंकण्याची आशा कुणालाच नव्हती; कृष्णवर्णीयांना मतदानापासून कसं अडवलं जातं, याचा पुरावा उभा करायचा होता. नोव्हेंबरमध्ये अधिकृत मतपत्रिकेवर जागा मिळाली नाही, तेव्हा हेमर यांच्या फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्षाने (मिसिसिपीतल्या गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला पर्याय म्हणून उभा केलेला) स्वतःच्या मतपत्रिका छापून समांतर मतदान घेतलं. हेमर ३३,००९, व्हिटन ५९. हा आकडा निवडणुकीचा निकाल म्हणून अजिबात लिहू नकोस. पुष्कळजण तिथेच चुकतात. वाट मोकळी असती तर लोक मत द्यायला आले असते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आणि तेवढं पुरेसं होतं.

ॲटलांटिक सिटीच्या अधिवेशनाचा नियमही सांग; तिथे मिसिसिपीच्या जागांवर हा पक्ष हक्क सांगत होता. कुणाला प्रतिनिधी मानायचं हे ठरवणाऱ्या छाननी समितीतले ११ सदस्य पाठीशी असते तर वेगळा अहवाल मांडता आला असता, आणि ८ राज्यांनी मागणी केली असती तर सभागृहात नावनिशीवार मतदान झालं असतं. अध्यक्ष जॉन्सन यांच्या माणसांनी एकेका सदस्यावर दबाव आणला आणि ते ११ फुटले. तडजोड म्हणून देऊ केलेल्या दोन जागा हेमर यांनी नाकारल्या, त्या या हिशेबातून बघ. नाहीतर तो नुसता बाणेदारपणा वाटेल. कृष्णवर्णीयांना मतदानापासून अडवून निवडून आलेल्या मिसिसिपीच्या खासदारांना जानेवारी १९६५मध्ये संसदेच्या प्रतिनिधिगृहात बसू द्यायचं ठरलं २७६ विरुद्ध १४९ मतांनी. विरोधातल्या त्या १४९ मतांकडे दुर्लक्ष करू नकोस.

डुकरांच्या बँकेला तू तळटीपेत टाकलंस, ते मला पटलं नाही. १९६९मध्ये सनफ्लॉवर काउंटीत त्यांनी फ्रीडम फार्म ही सहकारी शेती उभी केली. तिथल्या डुकरांच्या बँकेतून गरीब कुटुंबाला डुकरीण मिळायची, ती व्याली की दोन पिल्लं बँकेला परत. मळेवाल्याच्या घरात राहून, त्याचंच अन्न खाऊन त्याच्याविरुद्ध मत देणं किती महाग पडतं, हे हेमर यांनी भोगलं होतं. १९७१मध्ये त्या राज्याच्या सिनेटसाठी लढल्या आणि हरल्या. ती लढत आणि ही शेती एकाच प्रकरणात घे.

पुढचा मसुदा पाठव. वाट बघतेय.