कंपनीतलं ज्ञान व्हॉट्सॲप ग्रुपवर साठवलं तर चालतं का?

तातडीच्या प्रश्नाला ग्रुप उत्तम, साठवणीला नाही. चांगलं उत्तर दोन दिवसांत शुभेच्छांच्या मेसेजखाली गाडलं जातं आणि नवा माणूस तेच पुन्हा विचारतो.

फोटोकॉपी मशीन बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीचं उदाहरण बघा. तिथे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांना दिसलं, की मॅन्युअलमध्ये न सापडणारा मशीनचा बिघाड तंत्रज्ञांच्या आपसातल्या किश्श्यांतून सुटतो. पुढे १९९० च्या दशकात तिथे 'युरेका' ही दुरुस्तीच्या युक्त्या साठवणारी संगणक प्रणाली आली: तंत्रज्ञाने युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी तपासायची, सोबत लिहिणाऱ्याचं नाव. माझ्या मते हे नावच सगळ्यात महत्त्वाचं. श्रेय मिळत नसेल तर कोण कशाला लिहील?

ग्रुप चालू ठेवा, पण सुटलेला प्रश्न त्याच दिवशी विकीवर (सगळ्यांना लिहिता-शोधता येईल अशा कंपनीच्या अंतर्गत साइटवर) किंवा शेअरपॉइंटसारख्या सामायिक साठ्यावर टाका, सोडवणाऱ्याच्या नावासकट.