पेरणीआधीच मका विकावा का?

प्रश्न : येवल्याजवळ 6 एकर मका करतो. एकरी खर्च 30 हजारांच्या घरात जातो. कोंबडीखाद्याचा एक व्यापारी मे महिन्यातच क्विंटलला 2,100 रुपयांनी सौदा करायला तयार आहे. करू का?

उत्तर : करा, पण सगळ्या मक्याचा नको. एकरी 24 क्विंटल उतारा पडला तर क्विंटल तुम्हाला 1,250 ला पडतो आणि 15 च पडला तर 2,000 ला. म्हणजे वाईट सालीही हा भाव खर्च झाकतो, म्हणून तो विचारात घेण्यासारखा आहे. मात्र गेल्या पाच हंगामांतला सर्वांत कमी उतारा धरूनच माल मोजा. तो 15 असेल तर सहा एकरांत 90 क्विंटल होतात. त्यातले 25 आत्ता बांधा. तुरे येऊन कणसं भरायला लागली, पाऊस टिकला, की मग पुढचं बोलणं करा. तोवर लष्करी अळीचाही अंदाज आलेला असतो.

खताला पैसे हवेत म्हणून इसार घेणार असाल तर थांबा. वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडतं. त्याच्या तुलनेत भाव पाडून घेतलेला इसार फार महाग आहे.

प्रश्न : सौदा केला आणि पीकच आलं नाही तर?

उत्तर : ते कागदावर काय लिहिलंय त्यावर आहे. 2018 च्या दुष्काळात आमच्या घरी हेच झालं. वडिलांनी 50 क्विंटल 1,200 ने बांधले होते, खळ्यावर निघाले 31. कागदावर ‘50 क्विंटल’ असं लिहिलेलं, म्हणून उरलेले 19 आम्ही मोंढ्यातून 1,550 ने विकत घेऊन पोचवले. साडेसहा हजारांच्या वर पदरचे गेले, तेही पीक बुडालेल्या वर्षी. त्या रात्री ओट्यावर कुणी बोललं नाही.

म्हणून ‘अमुक गटातल्या अमुक एकरांत जे पिकेल ते’ असं लिहून घ्या. व्यापारी क्विंटलवरच अडला, तर आकडा तुमच्या वाईटात वाईट सालापेक्षा खाली ठेवा. ओलावा 14 टक्क्यांच्या वर गेला तर किती कपात, बारदान आणि गाडीभाडं कुणाचं, वजन कुठल्या काट्यावर, पैसे किती दिवसांत, हेही तिथेच लिहा. भावावर सगळे घासाघीस करतात, पण पैसे जास्त जातात ते ओलाव्याच्या कपातीत.

प्रश्न : हमीभाव असताना आगाऊ विकायचं कशाला?

उत्तर : मक्याचा हमीभाव 2024-25 ला 2,225 होता, 2025-26 ला 2,400 झाला. पण खरेदी केंद्र उघडलं नाही, किंवा तुमचा नंबर लागेपर्यंत देणी थांबली नाहीत, तर बाजारात तो मिळेलच असं नाही. खरिपाचे हमीभाव बहुधा पेरणीच्या तोंडावर जाहीर होतात. आठवडाभराने फरक पडणार नसेल तर तो आकडा हाती आल्यावरच बोलणीला बसा.

प्रश्न : सोयाबीनचा भाव वायदे बाजारात बांधता येईल का?

उत्तर : वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, थांबवले आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. त्यामुळे त्यावर हंगामाचं गणित मांडू नका. मक्यासाठी मात्र गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीला पुट ऑप्शनबद्दल विचारा. त्यात थोडी रक्कम भरून ठरल्या भावाने विकण्याचा हक्क मिळतो, पण विकायचं बंधन राहत नाही. पीक बुडालं तर भरलेली रक्कम जाते, बाहेरून माल आणून द्यावा लागत नाही.