गुडघ्यातलं वंगण खरंच संपतं का?

तुम्ही विचारलंय की आई ५८ वर्षांच्या आहेत, जिना उतरताना त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसून उठताना कटकट वाजतात आणि नातेवाईक म्हणतात, ‘वंगण संपलंय, आता चालणं बंद करा.’ हे खरं आहे का?

नाही. वंगण असं संपत नाही, आणि चालणं तर मुळीच बंद करू नका.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ‘वंगण संपलं’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांतून ऐकू येतं. त्याच घरांत कुणाच्या तरी ‘गुडघ्यात पाणी झालंय’ असंही बोललं जातं. ते पाणी आणि हे वंगण एकच आहे! निरोगी गुडघ्यात हा द्रव चमचाभरही नसतो. सांध्याच्या आतलं पातळ अस्तर तो सतत तयार करत असतं, आणि तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट असतो. सांधा झिजायला लागला की या अस्तराला सूज येते आणि ते कमी नाही, उलट जास्त द्रव सोडतं. फक्त तो पातळ होतो, पहिल्यासारखा बुळबुळीत राहत नाही. म्हणून गुडघा टम्म फुगतो.

मग झिजतं काय? मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीच्या हाडाचा वरचा भाग आणि वाटीची आतली बाजू, या तिन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. काही मिलिमीटर जाडीचा, पण बर्फावर बर्फ घासला तरी होणार नाही इतकं कमी घर्षण त्याच्यामुळे होतं. नडगीच्या हाडावर इंग्रजी ‘सी’सारख्या आकाराच्या दोन गाद्याही असतात, त्या भार पसरवतात. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, तिची जागा दोन हाडांमधल्या मोकळ्या पट्टीसारखी दिसते. ती पट्टी अरुंद झाली की ‘गॅप कमी झाला’ म्हणतात. हा एक्स-रे उभं राहून काढलेला असावा, झोपून काढला तर भार नसल्यामुळे गॅप आहे त्यापेक्षा बरा दिसू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळतं ते त्याच वंगणातून, आणि तेही मुख्यतः हालचालीमुळे. पाऊल टाकलं की ती स्पंजसारखी दाबली जाते, पाऊल उचललं की ताजा द्रव शोषून घेते. माणूस बसून राहिला की कूर्चेची उपासमार होते. तिच्यात वेदना जाणवून देणारे मज्जातंतूही नसतात, म्हणून झिजताना ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड, सुजलेलं अस्तर, सांध्याचं आवरण, थकलेले स्नायू. त्यामुळेच काहींचा एक्स-रे फार खराब असतो आणि ते आरामात फिरतात, तर काहींचा बरा असूनही पाऊल टाकवत नाही.

माझ्या आजीला आम्ही असंच जपलं होतं. ‘बस गं तू, मी आणते’ हे मीसुद्धा रोज म्हणायचे, तेव्हा मी शिकत होते. दोन वर्षांत तिच्या मांडीचं मांस उतरलं आणि खुर्चीतून उठायला दोन माणसं लागू लागली. गुडघ्यापेक्षा मांडीनं तिला बसवलं. आजही आठवलं की जीव कळवळतो, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

आवाजाचं म्हणाल तर नुसता आवाज, दुखणं आणि सूज नसेल, तर चिंता करू नका. बोटं मोडताना येणारा ‘टक्’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी निगडित आहे. अमेरिकेतल्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी तब्बल ६० वर्षं एकाच हाताची बोटं मोडून पाहिली. त्या हाताला संधिवात झाला नाही, आणि २००९ साली त्यांना या खटाटोपासाठी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं. आईंच्या गुडघ्यात हात ठेवल्यावर करकर जाणवत असेल, तर ती वाटीमागचा पृष्ठभाग खडबडीत झाल्याची खूण असू शकते. जिना उतरताना आणि उकिडवं बसताना वाटीवरचा दाब फार वाढतो, त्या वेळच्या दुखण्याशी ते जुळतंही.

घरी हे सुरू करा. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, मांडी आवळायची, पाच आकडे मोजून खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. सपाट रस्त्यावर झेपेल तितकं चालणं. निवडणं-टिपणं टेबलावर, संडास कमोडचा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरवलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. ‘वंगणाचं इंजेक्शन’ कुणी सुचवलं तर घाई नको. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत त्याच्या सरसकट वापराची शिफारस नाही.

मात्र सकाळी तासाहून जास्त वेळ सांधे आखडत असतील, दोन्ही हातांची बोटंही सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो, त्याची औषधं वेगळी आणि ती लवकर सुरू व्हायला हवीत. गुडघा लाल, गरम झाला आणि सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि जिन्याचं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी वापरणार असाल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक लोक ती उलट धरतात. आज आईंना एकदा कठड्याला धरून तुमच्यासमोर चार पायऱ्या उतरायला सांगा, किती फरक पडतो ते त्याच सांगतील.