नालकुंतलातलं (सोलेनॉइड, म्हणजे तारेची लांबट गुंडाळी) चुंबकीय क्षेत्र माहीत आहे, विद्युतधारा कशी काढायची? (लांबी २५ सेंमी, ४०० वेढे, मध्यावर ५ मिलिटेस्ला)

विद्युतधारा = क्षेत्र ÷ (म्यू-शून्य × दर मीटरला वेढे). म्यू-शून्य (μ₀) म्हणजे निर्वाताची चुंबकीय पार्यता, एक ठरावीक स्थिरांक.

आधी दर मीटरला वेढे काढा: ४०० ÷ ०.२५ = १६००. म्यू-शून्य १.२५७ × १०⁻⁶ घ्या. छेदाचा गुणाकार साधारण ०.००२०१ येतो. ०.००५ टेस्लाला त्याने भागलं की उत्तर सुमारे २.४९ अँपिअर.

उत्तर २४९ आलं असेल तर लांबी सेंटिमीटरमध्येच राहिली आहे. सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. तार दोन-तीन थरांत गुंडाळली असेल तर सगळ्या थरांचे वेढे मोजा, पण लांबी एकदाच घ्या. व्यास या सूत्रात येतच नाही.

मात्र हे सूत्र लांबलचक नालकुंतलाचं आहे. प्रयोगशाळेतल्या गुंडाळीचा व्यास ४ सेंमी असेल, तर मध्यावरचं क्षेत्र लांबी ÷ √(लांबी² + व्यास²) इतक्या पटीने, म्हणजे इथे ०.९८७ पट भरतं. त्यामुळे खरी धारा २.५२ अँपिअर. फरक किरकोळ, पण आखूड, जाड गुंडाळीत तो दुर्लक्षून चालत नाही.

हॉल प्रोब (चुंबकीय क्षेत्र मोजायचं उपकरण) गुंडाळीच्या अगदी टोकाशी धरला तर क्षेत्र जवळपास निम्मं दिसतं आणि धाराही निम्मीच निघते. प्रोबची सपाट बाजू अक्षाला काटकोनात हवी. आत लोखंडी गाभा असेल तर हे गणित सोडाच, सरळ अँमीटर जोडा.