सिलेंडर महिनाभर बी पुरत नाही

प्रश्न : ताई, आमी घरात सहा जण, १४.२ किलोचं सिलेंडर पंचवीस दिवसात खलास होते. सासूबाई म्हणते चुलीवर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळ, पण धुरानं डोळे चुरचुरतात. काय करू? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बाई, आधी बर्नर पाहा. ज्योत निळी हाय का पिवळी? पिवळी असंल अन् गंजाचं (पातेल्याचं) बूड काळं होत असंल तर छिद्रं बुजली आहेत, गॅस पुरा जळत नाही. बंद करून थंड झाल्यावर बर्नर काढा, जुन्या ब्रशनं घासा, पूर्ण वाळू द्या मग लावा. माझ्याकडं तर एकदा दूध उतू जाऊन अर्धी छिद्रं बंद, अन् मी महिनाभर सिलेंडरवाल्यालेच बोल लावत होती!

दुसरं म्हणजे तुरीचं वरण. डाळ तासभर भिजू घाला, कुकरात शिजवा, पहिली शिट्टी झाली का गॅस बारीक करा, कारण आत वाफेचा दाब एकदा बनला का मोठ्या जाळानं डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ शिट्टीतून उडून जाते. उघड्या गंजातही तसंच, पाणी उकळलं का १०० डिग्रीच्या वर जात नाही, मग जाळ कशाले वाढवायचा, झाकण ठेवा.

अन् आंघोळीचं पाणी गॅसवर? उन्हाळ्यात तर अजिबात नाही, काळी बादली झाकून अंगणात ठेवा, आपल्या इकडच्या उन्हात दुपारपर्यंत हात पोळते. पऱ्हाट्या हिवाळ्यात पाणी तापवाले ठेवा, पण चूल बाहेर, उघड्यावर.