म्यानावरचे आकसलेले चामडे

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांच्या वेळची कट्यार आहे. तिच्या लाकडी म्यानावर मढवलेले चामडे आकसल्याने मागची शिवण उसवून फट पडली आहे. ते कोमट पाण्यात भिजवून ताणावे आणि वर तेल चोळावे, असे एका परिचितांनी सुचवले. तसे करावे का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : कृपया करू नये. झाडांच्या सालीने कमावलेले नवे चामडे ओले असताना साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते. परंतु काळाच्या ओघात त्यातील कोलॅजेनचे (कातडीतील मुख्य प्रथिनाचे) तंतू क्षीण झाले की ही मर्यादा बरीच खाली येते आणि अतिजीर्ण चामडे कोमट पाण्यातही आवळून कडक होते. तसे आवळलेले चामडे पुन्हा सैल होत नाही. तेलाने फट मिटत नाही, उलट चामडे काळवंडते, चिकट होते आणि धूळ धरते.

केवळ कोरडेपणाने आलेला आवळ मात्र थोडा सोडवता येतो. नागपुरात मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीतले लोखंडी कपाट किती तापते, हे आपण जाणताच. त्यात कूलर चालू असताना दमट आणि बंद होताच कोरडी होणारी हवा चामड्याला व लाकडाला कमीअधिक प्रमाणात फुगवते-आकसवते आणि तो सारा ताण शिवणीवर येतो.

प्रथम पाते बाहेर काढावे आणि कोरडे पांढरे सुती कापड चामड्यावर हलकेच टेकवून पाहावे. लालसर भुकटी लागली, तर ओलावा मुळीच देऊ नये, कारण असे चामडे ओलाव्याने काळे पडून ठिसूळ होते; ते काम संवर्धकाचेच. भुकटी नसेल, तर झाकणाच्या डब्यात ओला टिपकागद ठेवून, त्याला स्पर्श होणार नाही अशा जाळीवर म्यान ठेवावे, दर दोन-तीन तासांनी पाहावे आणि बुरशीच्या भीतीने एक दिवसाहून अधिक ठेवू नये. चामडे मऊ वाटताच कडा बोटांनी जवळ आणून रुंद सुती फितीने सैलसर बांधाव्यात व सावलीत वाळू द्यावे.

एक-दोन मिलिमीटर मिळाले तरी पुष्कळ समजावे. उरलेली फट ओढून शिवू नये, कारण टाक्यांच्या जुन्या छिद्रांपासूनच चामडे फाटते. तेथे चामड्याच्या रंगाचा चिवट जपानी कागद गव्हाच्या खळीने आतून लावावा. पाते यापुढे म्यानाबाहेरच ठेवावे, कारण चामड्यातील आम्ल व ओल यांनी पोलाद गंजते.